अंगूरखान्यातली पऱ्हाटी

औंढ्याहून हिंगोलीकडं निघालं की सडकेच्या उजव्या अंगाला एक इमारत लागायची. तिला सगळा मुलूख अंगूरखाना म्हणायचा. आता खरं सांगायचं तर तिथं अंगूर कधी पिकलाच नाही. निजामाच्या राज्यात आबकारीचं कंत्राट असलेल्या एका थोरल्या मालकानं ती बांधली. द्राक्षाची दारू गाळायची आणि बड्या अंमलदारांना पाजायची, असा त्याचा बेत. औरंगाबादेकडून वेली आणून लावल्या, त्या आमच्या काळ्या रानात एका पावसाळ्यात कुजून गेल्या. मग मालकानं मोहाची फुलं आणली आणि मोहाचीच भट्टी लावली. पण दिवाणखाना, कमानी, तळघर आणि कमानींवरून फिरलेली चुन्याची वेल हे सगळं द्राक्षाच्या नावानं आधीच होऊन बसलं होतं. लांबून लांबून माणसं ते बघायला यायची. पुढच्या दारानं कला बघायची आणि मागच्या दारानं बाटली घेऊन जायची, अशी दोन्ही कामं एका फेरीत व्हायची.

परवा एक ओळखीची बाई मला म्हणाली, जाऊ द्या हो बाई, पन्नास वर्षं होत आली त्याला. का म्हणून जाऊ देऊ? ज्याचं जळतं त्याला कळतं. ती वेल माझ्या मायनं केली आहे.

माय तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती, नुकतं लग्न झालेली. बांधकामावर चुन्याच्या घाणीपाशी कामाला होती. चुना, वाळू, गूळ, हिरड्याचं पाणी हे सगळं बैलाच्या घाणीत मळायचं आणि पाट्या भरून वर द्यायच्या. नक्षी करायला हैदराबादहून एक मिस्त्री आला होता, ही गोष्ट खरी. मी कुणाचं खरं लपवत नाही. पण त्या मिस्त्रीला आमच्याकडचा हिवताप लागला आणि तो एका कमानीची चौकट आखून जो घरी गेला तो परत आलाच नाही. जाताना बाटलीवरचा एक कागद ठेवून गेला. त्यावर बोटाएवढा अंगुराचा घोस छापलेला होता आणि पानाची जागा घासून पांढरी पडलेली होती. मालकाला घाई होती. माझ्या मायच्या हाताला वळण आहे, घराच्या भिंतीवर ती मोर काढते, हे मुकादमाला ठाऊक होतं. त्यानं तिला कमानीखाली बांधलेल्या बांबूच्या माळ्यावर चढवलं.

आता मायनं अंगूर बघितला होता कुठं? आमच्या वस्तीत कुणीच बघितला नव्हता. मिस्त्री जाताना एवढंच सांगून गेला होता, की पान पाच बोटांचं असतं आणि फळ घोसानं लटकतं. माय रानात गेली. पाच बोटांचं पान तिला एकच माहीत होतं, पऱ्हाटीचं, म्हणजे आमच्या कापसाचं. ते तोडून आणलं, ओल्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि त्याच्याकडं बघून चुन्यात पान उठवलं. घोसासाठी कडुलिंबाची डहाळी आणली आणि निंबोळ्या केल्या. चार महिने ती वेल करत होती. चुना वाळायच्या आत हात चालवायचा, त्यामुळं जेवायलाही खाली उतरायची नाही.

हे सगळं मी लहानपणी ऐकलेलं. खरं सांगते, माझा अर्धाच विश्वास होता. कारण मी ती वेल बघितलेलीच नव्हती. मी पाच-सहा वर्षांची असताना आमच्या वस्तीनं धम्म घेतला, पंचशील घेतलं, आणि दारूला हात लावणार नाही अशी शपथ घेतली. माय तोवर दर दिवाळीला अंगूरखान्याला चुना द्यायला जायची. त्या वर्षी तिनं ते काम सोडलं. सडकेनं जाताना त्या इमारतीच्या बाजूला मानही वळवायची नाही. आणि आम्हा लेकरांना दम होता, तिथल्या वडाखालीसुद्धा बसायचं नाही.

सत्तरच्या दशकाच्या मधली वर्षं असतील. जिल्हा तेव्हा आमचा परभणी. मी शिकले, डी.एड. झाले आणि आमच्याच भागातल्या एका शाळेवर लागले. वस्तीतली पहिली मास्तरीण. माझं अक्षर चांगलं होतं. गावात कुणाचं लग्न असो, सभा असो, फळा लिहायला मलाच बोलवायचे.

थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटे मालक म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा. त्यांनी दिवाणखाना दुरुस्त केला, खुर्च्या मांडल्या आणि कलेक्टरसाहेब बघायला येणार म्हणून दारात एक काळी शिळा बसवायचं ठरवलं. आमच्या हेडमास्तरांचा तिथं राबता होता. एका शनिवारी त्यांनी आम्हा पाच शिक्षकांना इमारत बघायला नेलं. म्हणाले, ज्ञानात भर पडेल. मी मायला न सांगता गेले.

दाराच्या आत पाऊल टाकलं, मान वर केली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वर पऱ्हाटी होती. दुसरं काही नव्हतंच. मी पोरवयात कमरेला ओटी बांधून कापूस वेचलेली, मला कोण शिकवणार पऱ्हाटीचं पान? देठाशी पानाला असतो तो खोलगा, बोटांच्या मधल्या खाचा, सगळं बराबर. आणि निंबोळ्या अशा, की खाली पडतील म्हणून ओंजळ धरावी वाटली. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं शेकडो कास्तकार या कमानीखालून गेले असतील, आणि एकालाही कापूस दिसला नाही. अंगूर म्हणून सांगितलं की अंगूर दिसतो माणसाला.

धाकटे मालक छडीनं दाखवत होते. बघा, ही द्राक्षाची वेल, खास हैदराबादच्या कारागिरांना बोलावून वडिलांनी करून घेतली. सगळ्यांनी वा वा केलं. आणि मी? मी गप्प राहिले. आज एवढ्या तोऱ्यात बोलते आहे, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. नोकरी नवी होती. आणि पाच शिक्षकांपुढं, माझी माय दारूच्या भट्टीवर मजुरीला होती, हे सांगायची मला लाज वाटली. ती लाज मला अजून माफ करता आलेली नाही.

वर आणखी हेडमास्तर उत्साहानं म्हणाले, शिळेवर अक्षरं आमच्या बाई काढून देतील. बाईंच्या अक्षरासारखं अक्षर पंचक्रोशीत नाही. मालकांनी खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. तीन ओळी होत्या. पहिलीत थोरल्या मालकांचं नाव, दुसरीत इमारतीचं, आणि तिसरीत, हैदराबादच्या नामांकित कारागिरांनी ही द्राक्षवेल साकारली. मी पांढऱ्या रंगानं लिहायचं आणि त्यावरून पाथरवटानं टाकीनं कोरायचं. येत्या शनिवारी शाळा सुटली की या, मालक म्हणाले.

घरी आले तेव्हा माय भाकरी थापत होती. मी कागद वाचून दाखवला. मला वाटलं भडकेल, शिव्या घालेल. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग म्हणाली, "लिवशील तू?"

मी म्हटलं, हेडमास्तरांचा हुकूम आहे. त्यावर तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मला शिकवायला तिनं किती जणांची रानं खुरपली होती, ते मला ठाऊक होतं. आणि शिकून मी करणार काय, तर माझ्याच हातानं दगडावर लिहिणार, की हिच्या हाताचं काम दुसऱ्या कुणाचं आहे. आठवडाभर मला भाकर गोड लागली नाही. मायनं तो विषय पुन्हा काढला नाही. मला तेच जास्त लागत होतं.

शनिवारी दुपारी मी निघाले तर माय धुवट लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. म्हणाली, चल. मी म्हटलं, माय, तुझी शपथ आहे ना? तर म्हणते, "प्यायची न्हाई म्हणून शपथ हाय. आत जायची न्हाई म्हणून न्हाई. आजवर मीच जात नव्हते. आज मीच जाऊन राहिले."

अंगूरखान्याच्या पायरीशी सगळे वहाणा काढायचे. मी काढायला वाकले, तर मायनं मला दंडाला धरून सरळ उभं केलं. म्हणाली, देऊळ न्हाई हे. आम्ही दोघी वहाणांसकट आत गेलो. धाकटे मालक, हेडमास्तर आणि गावातले दोन-तीन प्रतिष्ठित बसलेले होते. शिळा भिंतीला टेकवून ठेवली होती आणि पाथरवट तिच्याजवळ उकिडवा बसला होता. टेबलावर चिनी मातीच्या थाळीत हिरव्या द्राक्षांचे घोस होते. नाशकाहून खास मागवलेले, कलेक्टरसाहेबांच्या दिवशी कसे दिसतील ते आज बघून ठेवायला. बघा म्हणजे, अंगूरखान्यात अंगूर यायला तीस वर्षं लागली, तोही नाशकाचा.

मायला कुणी बस म्हटलं नाही. माय उभ्याउभ्याच ते घोस निरखत होती. पंचेचाळिशीची बाई, तिनं आयुष्यात पहिल्यांदा अंगूर बघितला. मग तिनं वर वेलीकडं बघितलं आणि तिला हसूच फुटलं. पदरात तोंड धरून हसली बाई. मालकांनी हेडमास्तरांना विचारलं, ही कोण? मी पुढं झाले. या वेळी मी गप्प राहिले नाही. म्हटलं, माझी आई आहे, आणि ही वेल तिनं केली आहे.

 मग मालक हसले. म्हणाले, "बाई, तुमच्या आईनं चुना उचलला असेल. उचलणं वेगळं आणि कला वेगळी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तेवढ्यात मायनं मला मागं सारलं. ती त्यांना मालक म्हणाली नाही. दादा म्हणाली. गावात त्यांना दादा कुणी म्हणत नव्हतं, आमच्या वस्तीतलं तर नाहीच. म्हणाली, दादा, ह्या तुमच्या थाळीतल्या फळाला टोक हाय का? न्हाई ना? मग वरच्या फळाला टोक कशाचं? निंबोळीला असतंय टोक. आणि पान पऱ्हाटीचं हाय. आमी अंगूर कुठं पाहिला व्हता? जे रानात पाहिलं ते केलं.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. हेडमास्तर स्वतः शेतकऱ्याचे पोरगे, ते हळूच पुटपुटले की दिसतंय खरं कापसासारखं. मालक काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, कलावंत तसाच असतो, पान आपल्या मनानं रंगवतो, हैदराबादच्या माणसानंही तसं केलं असेल.

मग माय पाथरवटाकडं वळली. तो बिचारा आपलं अंग चोरून बसला होता. तिनं त्याला सांगितलं, डाव्या हाताची कमान, खालून तिसरं पान, टाकीच्या टोकानं वरचा चुना तेवढा खरवड. हलक्या हातानं, पान दुखवू नको. पाथरवटानं मालकांकडं बघितलं. मालकांनी हात हलवला, खरवड म्हणे, हातच्या कांकणाला आरसा कशाला. तो स्टुलावर चढला. वर्षावर्षाच्या दिवाळ्यांचे चुन्याचे पापुद्रे खाली पडायला लागले. पानाच्या मधोमध एक भोक निघालं. मग त्याच्या बाजूला दुसरं. मग कडेला कुरतडलेली जागा.

"ते अळीनं खाल्लेलं पान हाय," माय म्हणाली. "त्या साली रानात अळी लई पडली व्हती. मला सबंध पान घावलं न्हाई त्या दिशी, म्हणून जसं व्हतं तसंच केलं. हैदराबादच्या माणसाला आमच्या रानातली अळी कशी ठावी, दादा?"

पाथरवट स्टुलावरूनच म्हणाला, अळीच हाय ही, बराबर. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण मेल्याला राहवलं नाही.

मालकांचा चेहरा उतरला. मग सावरून, मोठं मन केल्यासारखं म्हणाले, ठीक आहे, आपण तिसऱ्या ओळीत बदल करू, 'हैदराबादच्या कारागिरांनी स्थानिक मजुरांच्या मदतीने' असं घालू. हेडमास्तरांनी लगेच मान डोलावली आणि मला समजावायला लागले. बाई, औंढ्याचं एवढं देऊळ, त्याच्यावर तरी कोरणाऱ्याचं नाव कुठं आहे? मायनंच उत्तर दिलं, नाव न्हाई, पण दुसऱ्याचंबी न्हाई लावलं तिथं.

मला वाटलं, आता वेळ आहे. मी म्हटलं, तिसऱ्या ओळीत माझ्या आईचं नाव घाला, नाहीतर मी लिहिणार नाही. तर माय माझ्यावरच खेकसली.

"माझं नाव दारूच्या दारात टांगती का?" म्हणाली. "नाव नको मला. खोटं तेवढं लिवू नको."

एवढंच तिला हवं होतं आणि एवढंही ती माणसं द्यायला तयार नव्हती. मी ब्रश उचलला. पहिली ओळ लिहिली, थोरल्या मालकांचं नाव. इमारत त्यांनी बांधली होती, ते खरंच होतं. दुसरी ओळ लिहिली. एकेक अक्षर मोत्यासारखं काढलं, उगाच हात आखडला नाही. तिसरी ओळ आली आणि मी ब्रश पाण्यात बुडवून स्वच्छ धुतला आणि थाळीजवळ ठेवला.

मालक म्हणाले, "नोकरी करायची आहे ना, बाई?"

"करायची आहे," मी म्हटलं. "पोरांना खरं लिहायला शिकवायची नोकरी आहे माझी."

हेडमास्तर खाली बघत राहिले. आम्ही निघालो. जाताना मायनं थाळीतलं एक द्राक्ष उचललं, कुणालाही न विचारता. तोंडात टाकलं, चावलं आणि पायरीवर येऊन बी थुंकलं. म्हणाली, आंबट हाय. मी वाटेत तिला विचारलं, राग आला का? तर म्हणे, राग कशाचा, पान तर चांगलं राहिलंय. मला मात्र आला होता आणि अजूनही आहे.

पुढं व्हायचं ते झालं. तिसरी ओळ दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतली. बघणाऱ्याला कळायचं, वरच्या दोन ओळी एका हाताच्या आणि खालची दुसऱ्याच, वाकडीतिकडी. शिळा बसली, कलेक्टरसाहेब येऊन गेले. महिन्याभरात माझ्या बदलीचा कागद आला, सेनगावाकडं साखऱ्याला. हेडमास्तर म्हणाले, माझ्या हातात काही नव्हतं. असेल नसेल, ते त्यांचं त्यांना माहीत. मी पेटी उचलली आणि गेले. पळसाला पानं तीनच, पोरं तिथंही होती आणि फळाही होता. रजेला घरी यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागायच्या, एवढीच काय ती तकलीफ.

त्यांनी शिळा कोरली, पण कोरणाऱ्याचं तोंड कसं बंद करणार? पाथरवटाचा धंदाच दारोदार फिरायचा. ज्याच्या घरी जातं टाकवायला, म्हणजे टाकी मारून खडबडीत करायला बसेल, पाटा टाकवायला बसेल, त्याला तो अळीनं खाल्लेल्या पानाची गोष्ट सांगायचा. बाया हातातलं काम थांबवून ऐकायच्या. मग ती माणसं औंढ्याला दर्शनाला जाताना मुद्दाम उतरायची आणि आत जाऊन मान वर करून म्हणायची, व्हय की, पऱ्हाटीच हाय. एकदा दिसली की मग अंगूर काही केल्या दिसायचा नाही. धाकटे मालक छडी घेऊन हैदराबाद सांगत राहायचे आणि पाहुणे तिसरं पान शोधत राहायचे.

दोन वर्षांनी असेल, दिवाळीच्या सुट्टीत मी मायला घेऊन औंढ्याहून हिंगोलीला चालले होते. एस.टी. गच्च भरलेली. मायला खिडकीची जागा मिळाली होती. वडाजवळ गाडी थांबली आणि कंडक्टर ओरडला, पऱ्हाटीखाना, कोण उतरतंय पऱ्हाटीखाना?

मी मायकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. अंगूरखाना शब्द कंडक्टरच्या तोंडात नव्हता, गाडीतल्या कुणाच्याही तोंडात नव्हता. पाचसात माणसं उतरायला उठली. त्यातला एक फेटेवाला म्हातारा आमच्या बाकाशी थांबला आणि मायला मोठ्या आग्रहानं म्हणाला, उतरा की बाई, पाहून घ्या, आपल्या इथल्याच एका बाईनं केलंय म्हणतात, लई नामी काम हाय.

मायनं त्या इमारतीकडं मान वळवून बघितलं. इतक्या वर्षांत सडकेवरून पहिल्यांदा.

"म्याच केलंय ते," ती म्हणाली. "मला काय पाहायचं? मार रे घंटी."